टर्फ टाकायचं की गवत लावायचं? पोरांच्या मैदानासाठी सल्ला पाहिजे

होटगीरोड_अकरा
नमस्कार मंडळी. आमचा छोटा फुटबॉल क्लब आहे, १२ ते १६ वयाची पस्तीसेक पोरं. आतापर्यंत जिथं खेळलो ती निव्वळ काळी माती, पावसाळ्यात बुटाला किलोभर चिखल आणि मार्चपासून अशा भेगा की बॉल टप्पा घेऊन कुठं जाईल ते देवालाच माहीत. आता एका पालकाने जागा देऊ केलीय, साधारण ६० बाय ४० मीटर, बोअर पण आहे. अर्धे पालक म्हणायलेत टर्फच, म्हणजे प्लॅस्टिकचं गवत टाका, रात्री बॉक्स क्रिकेटला भाड्याने दिलं की पैसे निघतील. मला मनातून गवत पाहिजे पण मीटिंगमध्ये नीट मांडता येईना. गेल्या एप्रिलमध्ये एका भाड्याच्या टर्फवर साडेचारला प्रॅक्टिस घेतली होती, एक पोरगं बूट काढून बसलं, सॉक्स घातलेला पाय खाली टेकवला आणि चटकन वर घेतला. दुसऱ्याने स्लाइड मारली तर गुडघ्याच्या बाजूची वीतभर साल निघाली, चार दिवस पँट चिकटत होती त्याला. ते बघितल्यापासून माझं मन होत नाही. दुसरं म्हणजे, इंग्लंडमध्ये पाचव्या डिव्हिजनला टर्फ चालतं आणि चौथ्याला चालत नाही असं ऐकलं, ते खरंय का?

खालच्या_लीगचा_चाहता
खरंय दादा. पाचवी म्हणजे नॅशनल लीग, तिथं थ्रीजी टर्फला (आजचं रबराचा भुगा भरलेलं टर्फ) परवानगी आहे, वर लीग टू मध्ये, म्हणजे चौथ्या डिव्हिजनला आलात की गवतच पाहिजे. सटन युनायटेड २०२१ ला नॅशनल लीग जिंकून वर आला आणि त्याच उन्हाळ्यात त्यांना चांगलं चालू टर्फ उखडून गवत लावावं लागलं. त्याच टर्फवर २०१७ ला एफए कपमध्ये आर्सेनल येऊन खेळून गेला होता! त्याआधी २०२० ला हॅरोगेटचं तेच झालं, गवत तयार होईपर्यंत घरच्या मॅचेस डॉनकास्टरच्या मैदानावर खेळल्या बिचाऱ्यांनी. २०२४ ला ब्रॉमलीचं पण तेच.

वरच्या लीगना टर्फची ही भीती जुनी आहे. १९८१ ला क्वीन्स पार्क रेंजर्सने पहिल्यांदा प्लॅस्टिकचं मैदान टाकलं, मग ल्युटन, ओल्डहॅम, प्रेस्टन. ते टर्फ आजच्यासारखं नव्हतं, खाली कडक, बॉल टप्प्याला डोक्याच्या वर जायचा, अंग सोलून निघायचं आणि घरच्या टीमला सवय असल्याने बाहेरचे ओरडायचे. प्रेस्टनचं १९९४ ला निघालं, ते शेवटचं.

पण मग खालच्या क्लबांना टर्फ का पाहिजे असतं ते समजून घ्या. तिथं हिवाळाभर पाऊस आणि बर्फ, गवताचं मैदान भरलं की मॅच रद्द, मॅच रद्द की तिकिटाचे पैसे गेले. मेडस्टोन युनायटेडने २०१२ ला स्वतःचं मैदान केलं ते सुरुवातीपासूनच टर्फचं, आठवडाभर शाळा, पोरं, आजूबाजूच्या टीम त्यावरच खेळतात आणि क्लब त्यावर जगतो. म्हणजे त्यांचं दुखणं थंडी आणि चिखल, त्यावर टर्फ हे औषध आहे. आपलं दुखणं ऊन. त्यांचं औषध आपण का घ्यायचं? आपल्याकडे कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर पण टर्फ होतं, २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्डकपसाठी ते काढून गवत लावलंच की.

लेफ्टबॅक_विजापूर_रोड
मी टर्फच्या बाजूने बोलणार, राग मानू नका. मी कारखान्यात सेकंड शिफ्ट करतो, रात्री अकराला सुटतो, माझ्यासारख्याला फुटबॉल मिळतो तो फक्त लाइटखालच्या टर्फवर. गवताला विश्रांती लागते, रोज सहा तास तुडवलं तर दोन महिन्यात गोलसमोर टक्कल पडतं. टर्फ सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत घेतं. आणि पाणी कुठून आणणार मालक, आपल्या नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतंय, उन्हाळ्यात बोअरचा भरवसा कुणी द्यावा.

मुरूम_आणि_रूळ
मी मैदानं बनवायची कामं केलीत, टर्फची पण आणि गवताची पण, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाण्याचा हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. तुमचं मैदान २,४०० चौरस मीटर, एका पाळीला ५ मिलिमीटर दिलं तर १२,००० लिटर, म्हणजे पाच हजार लिटरचे टँकर जवळपास अडीच. अख्खं १०५ बाय ६८ चं असतं तर पस्तीस हजाराच्या वर गेलं असतं, तेव्हा मीच नको म्हणालो असतो. आणि टर्फला पाणी लागत नाही हे कुणी सांगितलं? भर उन्हात टर्फ ६० अंशाच्या वर तापतं, पाणी मारलं की थोडा वेळ गार, मग पुन्हा तेच.

दुसरं, काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. तिच्यावर नुसतं लेव्हल करून टर्फ अंथरलं की दोन पावसाळ्यात लाटा दिसतात, सांधे उघडतात. खोल खणून मुरूम, खडी, रूळ हे सगळं आलंच, तो खर्च टर्फवाल्याच्या कोटेशनमध्ये आहे का ते आधी बघा. आठ-दहा वर्षांनी गालिचा पुन्हा बदलायचा, तो खर्च वेगळा. आत जो काळा रबराचा भुगा असतो तो जुन्या टायरचा, युरोपियन युनियनने २०२३ ला नियम केलाय की २०३१ पासून तो विकायचा नाही. पोरांच्या सॉक्समधून घरोघरी जातो तो.

आता गवत. पेपरात बर्म्युडा ग्रास म्हणून ज्याचं कौतुक असतं ना, ते म्हणजे आपली हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वा, आणि शेतकरी जिच्या काशा, म्हणजे जमिनीतले दांडे, वेचून वेचून थकतो तीच. माझ्या वडिलांनी जन्मभर तिला शिव्या घातल्या. नांगरली तरी मरत नाही, उन्हात पिवळी पडते, दोन पावसात परत हिरवी. चांगल्या मैदानांवर तिचीच सुधारित जात असते. वर सहा इंच वाळू-मातीचा थर द्या, मधून कडेला थोडा उतार ठेवा, जूनच्या शेवटी काशा लावा आणि तीन महिने कुणाला पाय ठेवू देऊ नका. लव्हाळा दिसला की हाताने गाठीसकट काढायचा. गोलपोस्ट पक्के गाडू नका, दर महिन्याला सरकवा, म्हणजे एकाच जागी टक्कल पडत नाही.

लेफ्टबॅक भाऊंचं म्हणणं खरंय, रात्री भाड्याने द्यायचं असेल तर हरळी टिकणार नाही. पण पस्तीस पोरं आठवड्यातून चार दिवस दीड-दीड तास, एवढं ती आरामात सोसते.

होटगीरोड_अकरा
अण्णा, मला नेमकं हेच पाहिजे होतं. पालकांना १२,००० लिटरचा आकडा आणि ती सोललेल्या गुडघ्याची गोष्ट दोन्ही सांगणार. भाड्याचं उत्पन्न सोडावं लागेल हे पण स्पष्ट सांगतो, लपवत नाही. लेफ्टबॅक भाऊ, रविवारी सकाळी तुम्ही आमच्या पोरांत येऊन खेळा, खरंच या. एकच विचारतो, जागेवर मुरूम किती खाली लागतो ते कसं कळणार?

मुरूम_आणि_रूळ
चार कोपऱ्यात आणि मधोमध असे पाच खड्डे, कमरेएवढे. रविवारी सातला येतो, पहार माझ्याकडे आहे, दोन मोठी पोरं फक्त तयार ठेवा.