'खान्देशात मोकळी हवा' म्हणे!

वाघूरकाठची :
काल गावच्या ग्रुपवर एकाने टाकलं : "प्रदूषण हे दिल्ली-मुंबईचं दुखणं. आपल्याकडे मोकळी हवा. माझी आजी चुलीपुढे बसून ९१ वर्षं जगली." खाली अंगठ्यांचा पाऊस. रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून इथे लिहिते.

मोकळी हवा कुठली हो? २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत जळगाव आहे. ती यादी बक्षिसाची नाही, हवेत नापास झालेल्या शहरांची आहे. पीएम २.५, म्हणजे हवेतले अतिबारीक कण. त्यांचं आपलं वार्षिक मानक घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ पासून ५. म्हणजे सरकारी कागदावर पास झालो तरी आठपट.

आणि हे कण खोकल्यावर थांबत नाहीत. फुप्फुसातून रक्तात उतरतात, मग हार्ट अटॅक नाहीतर लकवा. मृत्यूच्या दाखल्यावर धूर कोण लिहितं? माझ्या सासूने बिडीला आयुष्यात हात लावला नाही. फुंकायची चाचणी बघून डॉक्टरांनी विचारलं, "आजी, बिडी किती वर्षं?" तीस वर्षं बंद स्वयंपाकघरात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, रांधलं होतं तिने.

तापीपुत्र :
ताई, ती पोस्ट माझीच. नाव घेऊन बोलायचं होतं. आजी ९१ ची होऊनच गेली, आधार कार्ड दाखवू का?

दरवेळी शेतकरीच कसा सापडतो तुम्हाला? पऱ्हाटी शेतात ठेवली तर गुलाबी बोंडअळी, म्हणून कृषी खातंच सांगतं, काढून टाका. कुट्टी करायचं यंत्र भाड्याने मिळेपर्यंत गव्हाची पेर हुकते. मग काडी लावतो आम्ही, वर्षातून आठ दिवस. आणि आमच्या रस्त्याने वीज केंद्राच्या राखेचे डंपर ताडपत्री न लावता बारा महिने जातात, त्यावर कुणी धागा काढत नाही.

पांझरेचा भो :
आमच्या शहराचं नावच धुळे. आम्ही काय बोलावं!

भरीतप्रेमी :
आते काय भरीत बी बंद करशात? काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत ज्याने खाल्लंय त्याने गॅसवरच्याला भरीत म्हणू नये, वांग्याची भाजी म्हणावी.

पांझरेचा भो :
बरोबर. पण काड्या तुरीच्या पाहिजेत. कपाशीच्या काड्यांना फवारणीचा वास येतो.

भरीतप्रेमी :
तुरीच्या?? रावेर-यावलकडे येऊन हे बोलून दाखव. कपाशीचा जाळ एकसारखा लागतो, साल सुटते. तुरीचा भडकतो आणि वांगं आत कच्चं राहतं.

पांझरेचा भो :
वांगं कच्चं राहतं ते भाजणाऱ्यामुळे.

वाघूरकाठची :
हवेबद्दल बोलतोय आपण. मळ्यात, उघड्यावर, हिवाळ्यातून चारदा भाजलेल्या वांग्यांनी कुणी मरत नाही. रोज दोन वेळ, दार लावून, तान्हं मांडीवर घेऊन धूर खाणं वेगळं. मात्रेचा प्रश्न आहे.

मिलवाल्याचा पोरगा :
धुराचंच धरून बसलात सगळे. माझे वडील सूत गिरणीत कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात होते. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी संध्याकाळी छाती आवळून यायची. मंगळवारी जरा बरं. घरात वाटायचं, कामाचा कंटाळा. आईने टोमणे मारले, मीही हसलो. कापसाच्या धुळीचं ते दुखणं, त्याला बिसिनोसिस म्हणतात, आणि सोमवारचा त्रास हीच त्याची सुरुवातीची खूण, हे मला ते गेल्यावर कळलं. जिनिंगमध्ये तोंडाला रुमाल बांधून उभ्या असलेल्या बायांनी सोमवार लक्षात ठेवावा.

तापीपुत्र :
वडिलांचं वाईट वाटलं. पण भाऊ, ती कारखान्यातली हवा झाली, गावची नाही. आमच्याकडे मे महिन्यात आभाळ काचेसारखं असतं.

वाघूरकाठची :
काचेसारखं दिसतं, कारण जमिनीलगतचा ओझोन वायू दिसत नाही. गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन ऑक्साइड आणि इंधनाच्या वाफा, वर आपलं ४५ अंशांचं ऊन. दुपारी तो तयार होतो. दमेकऱ्याचा पंप मेमध्येही का निघतो, विचारा त्याला.

आणि आजीचं. ९१ वर्षं जगलेल्या आजीची गोष्ट सांगायला नातू असतो. तिच्या जावा किती जगल्या?

तापीपुत्र :
हे घरापर्यंत जाणं झालं. शोभत नाही तुम्हाला.

पांझरेचा भो :
आजी तूच आणली भो मध्ये.

भरीतप्रेमी :
सगळे शांत व्हा. येत्या शनिवारी आमच्या मळ्यात या. कळण्याच्या पुऱ्या आहेत.

तापीपुत्र :
आईला फोन केला. दोन जावा होत्या. थोरली सत्तरीपर्यंत होती. धाकटी चाळिशीत दम्याने गेली. मला वाटायचं मिस्रीमुळे. आई म्हणते, मिस्री आजी लावायची, धाकटी नाही. सगळ्या घराचा स्वयंपाक मात्र धाकटीकडे होता, आजी बाहेर ओट्यावर. झालं समाधान?

पोस्ट काढणार नाही. 'चुलीपुढे' एवढा शब्द काढतो. आणि डंपरवर धागा तुम्ही काढायचा, ताई.

वाघूरकाठची :
काढते. ताडपत्रीशिवायचे फोटो पाठवा, तारीख-वेळ घालून.

तापीपुत्र :
पाठवतो. शनिवारी मळ्यात काड्या कुठल्या आहेत?

भरीतप्रेमी :
कपाशीच्या.

पांझरेचा भो :
मग मी तुरीच्या घेऊन येतो.