एकाच यूएसबी-सी अडॅप्टरवर दोन मॉनिटर, पण दोन्हीकडे तेच पान

नौपाडा_डीटीपी:

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात नौपाड्याला राहते आणि घरूनच अक्षरजुळणी आणि पानांची मांडणी करते. सध्या दिवाळी अंकांचे दिवस, मान वर करायला फुरसत नाही. माझी घडी अशी बसलेली आहे: डाव्या मॉनिटरवर लेखकाच्या हस्तलिखिताचं स्कॅन, उजव्यावर इनडिझाइनमधलं पान, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर मेल आणि फॉन्टचं काम. बरेच लेखक अजून श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टात, मजकूर पाठवतात, तो युनिकोडमध्ये आणताना रफार आणि जोडाक्षरं डोळ्यात तेल घालून तपासावी लागतात. त्यामुळे स्कॅन आणि पान शेजारी-शेजारी दिसणं ही माझी गरजच आहे.

जुन्या विंडोज लॅपटॉपवर हे सगळं सुरळीत चालू होतं. दोन एचडीएमआय असलेला यूएसबी-सी अडॅप्टर, दोन २४ इंची फुल एचडी मॉनिटर, दोन्हींवर वेगळं चित्र. आता मॅकबुक एअर घेतला, एम१ चिपचा, वापरलेला. अडॅप्टर तोच, केबल त्याच, मॉनिटर तेच. आणि दोन्हीकडे हुबेहूब एकच पान! डावीकडे माउस हलवला की उजवीकडेही हलतो. केबलची अदलाबदल केली, लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टात लावून पाहिलं, रीस्टार्ट केलं, काही फरक नाही. जुना लॅपटॉप लावला की पुन्हा सगळं ठीक.

दुकानदार म्हणतो अडॅप्टर गेला, हा महागातला घ्या. घेऊ का? पानं लवकरच छपाईला द्यायची आहेत.

घोडबंदर_वाला:

मिररिंग, म्हणजे सगळ्या पडद्यांवर एकच चित्र दाखवायची सोय, चालू राहिलं असेल. सिस्टिम सेटिंग्जमध्ये डिस्प्लेज उघडा, मॉनिटरवर क्लिक करून ‘एक्स्टेंडेड डिस्प्ले’ निवडा.

नौपाडा_डीटीपी:

पाहिलं. तिथे दोनच चौकटी दिसतात, एक लॅपटॉपची आणि एक मॉनिटरची. एक्स्टेंडेड आधीपासूनच आहे. तिसरी चौकट नाहीच.

कोपरखैरणेकर:

ताई, अडॅप्टर घेऊ नका. तुमचा अडॅप्टर ठणठणीत आहे, जुन्या लॅपटॉपवर तो नीट चालतोय हाच पुरावा. आणि ती दोन चौकटींची गोष्ट तुम्ही लिहिलीत ते फार बरं झालं, सगळं निदान तिथेच आहे.

मी महापे-ऐरोलीकडच्या ऑफिसांत कॉम्प्युटर लावून देतो. असे जुळे पडदे घेऊन बसलेली माणसं सतत भेटतात, आणि बहुतेकांच्या ड्रॉवरमध्ये नको तो एखादा महागडा अडॅप्टर पडलेला असतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साधा अडॅप्टर स्वतः चित्र तयार करत नाही. चित्र लॅपटॉपची ग्राफिक्स चिप तयार करते आणि यूएसबी-सीच्या तारेतून डिस्प्लेपोर्टच्या भाषेत पाठवते. अडॅप्टर ते फक्त एचडीएमआयमध्ये बदलून पुढे ढकलतो. मग एका तारेतून दोन वेगळी चित्रं जातात कशी? डिस्प्लेपोर्टच्या १.२ आवृत्तीत, म्हणजे २०१० पासून, एमएसटी नावाची सोय आहे. लॅपटॉप दोन चित्रं एकत्र गुंफून पाठवतो आणि अडॅप्टरमधली चिप ती सोडवून एकेका मॉनिटरला देते. विंडोजला हे जमतं, म्हणून तुमचा जुना लॅपटॉप खूश होता. मॅकओएस, म्हणजे मॅकची सिस्टिम, मात्र अशा अडॅप्टरला दोन वेगळी चित्रं देत नाही. ते एकच चित्र पाठवतं आणि अडॅप्टर त्याच चित्राच्या दोन प्रती काढतो. म्हणजे दुसरा मॉनिटर जोडलेला आहे हे मॅकला कळतच नाही, म्हणून तिसरी चौकट नाही. सेटिंग्जमध्ये काहीही केलंत तरी ती उगवणार नाही.

आता याहून मोठी अडचण. साधी एम१ चिप असलेला मॅकबुक मुळात बाहेरचा एकच मॉनिटर चालवतो. त्यामुळे दोन पोर्टांना दोन वेगळे अडॅप्टर लावलेत तरी दुसरा पडदा काळाच राहील. साध्या एम२ चंही तेच. एम३ च्या एअरमध्ये दोन चालतात, पण लॅपटॉपचं झाकण मिटवून. एम४ च्या एअरपासून झाकण उघडं ठेवूनही दोन चालतात. एम१ प्रोवर दोन चालतात, एम१ मॅक्सवर चारपर्यंत. वापरलेला मॅकबुक घेणाऱ्याने ही एक ओळ आधी तपासली पाहिजे, आणि विकणाऱ्याने ती सांगितली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

तुमच्यासाठी मार्ग आहे, डिस्प्लेलिंक. हा वेगळ्याच जातीचा अडॅप्टर. लॅपटॉपमधला एक ड्रायव्हर, म्हणजे अडॅप्टर चालवणारा छोटा प्रोग्राम, पडद्यावरचं चित्र दाबून लहान करतो आणि साध्या यूएसबी डेटासारखं पाठवतो, पलीकडची चिप ते उलगडते. ग्राफिक्स चिपची मर्यादा इथे आड येत नाही. प्रोसेसरवर थोडा भार पडतो आणि कॉपीराइटचं संरक्षण असलेले व्हिडिओ त्या पडद्यावर काळे दिसतात, पण तुमच्या कामात त्याने काही बिघडत नाही.

दोन्ही मॉनिटर मात्र डिस्प्लेलिंकवर टाकू नका. उजवा, म्हणजे पानाचा, तुमच्या सध्याच्याच अडॅप्टरवर ठेवा. त्याचा दुसरा एचडीएमआय रिकामा सोडा. स्कॅनचा मॉनिटर डिस्प्लेलिंकवर घ्या. दाबलेल्या चित्रात बारीक फरक पडू शकतो. स्कॅन वाचायला तो चालेल, पण मुखपृष्ठाचे रंग थेट जोडलेल्या मॉनिटरवरच बघावेत.

खोक्यावर ‘ड्युअल एचडीएमआय’ लिहिलंय एवढ्यावर भुलू नका. ‘डिस्प्लेलिंक’ हा शब्द शोधा. तो नसेल आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत मॅकवर फक्त मिरर असं छापलेलं असेल, तर ती तुमच्याकडच्याच अडॅप्टरची दुसरी प्रत समजा.

माझ्याकडे एक डिस्प्लेलिंक अडॅप्टर पडून आहे. शनिवारी ट्रान्स-हार्बरने ठाण्याला येणार आहे, स्टेशनवर हातात देतो. लावून पाहा, जमलं तरच विकत घ्या.

वाशी_सेक्टर१७:

यात एक भर. मॉनिटरलाच यूएसबी-सी असेल तर फोनच्या चार्जरची केबल लावू नका. त्यातल्या बऱ्याचशा फक्त चार्जिंग आणि यूएसबी २.० पुरत्या असतात, त्यातून चित्र जातच नाही. बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात.

ऐरोली_रात्रपाळी:

कोपरखैरणेकर दादा, धाग्यात घुसतोय, माफ करा. माझा ऑफिसचा विंडोज लॅपटॉप, दोन एचडीएमआयचा अडॅप्टर, त्यावर एक ४के मॉनिटर (फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचा) आणि एक फुल एचडी. चित्रं वेगळी येतात, पण ४के वर माउसचा बाण तुटक तुटक सरकतो, स्क्रोल करताना अक्षरं फरफटतात. रात्रभर लॉग, म्हणजे सिस्टिमच्या नोंदी, वाचून डोळे दुखतात. ड्रायव्हर अपडेट झाले आहेत.

कोपरखैरणेकर:

तुमचा ४के ३० हर्ट्झवर चाललाय, म्हणजे चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतंय, जवळपास खात्रीने सांगतो. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, तिथून अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा आणि ४के मॉनिटर निवडा. हाच आकडा रिफ्रेश रेट म्हणून दिसेल.

कारण जागेचं आहे. यूएसबी-सीच्या तारेत वेगवान अशा चार वाटा असतात. अडॅप्टरला पेन ड्राइव्हसाठी वेगवान यूएसबी ३ ची भोकं असतील तर साधारणपणे दोन वाटा त्यांना जातात आणि चित्रासाठी दोनच उरतात. डिस्प्लेपोर्ट १.२ मध्ये एका वाटेवरून सेकंदाला ५.४ गिगाबिट, दोन मिळून १०.८. त्यातला पाचवा हिस्सा एन्कोडिंगमध्ये, म्हणजे डेटा तारेसाठी सांकेतिक रूपात बांधण्यात, जातो, हाती राहतात ८.६४. ६० हर्ट्झच्या फुल एचडीला साडेतीनच्या आसपास लागतात, म्हणून तसे दोन आरामात मावतात. ४के ला ६० हर्ट्झवर साडेबारा तरी हवेत. ते मावत नाहीत, म्हणून लॅपटॉप गुपचूप ३० वर उतरतो. डिस्प्लेपोर्ट १.४ असेल तर दोन वाटांत जेमतेम १३ मिळतात; एकटा ४के बसेल, पण दुसऱ्या मॉनिटरला जागा उरणार नाही.

लॅपटॉपला स्वतःचं एचडीएमआय भोक असेल तर ४के तिथे थेट लावा आणि अडॅप्टरवर फक्त फुल एचडी ठेवा. बहुतेक वेळा एवढ्याने काम होतं. ते भोक एचडीएमआय २.० किंवा पुढचं हवं, १.४ असेल तर तिथेही ३० च मिळतील. भोकच नसेल तर यूएसबी-सी पोर्टाशेजारी विजेच्या बाणाची खूण आहे का बघा. ती असेल तर पोर्ट थंडरबोल्ट, म्हणजे यूएसबी-सीच्याच आकाराचा पण जास्त वेगवान, असतो, आणि थंडरबोल्ट ४ असेल तर योग्य डॉकवर (बऱ्याच जोडण्यांच्या मोठ्या अडॅप्टरवर) ६० हर्ट्झचे दोन ४के चालतात. डॉक आयटीवाल्यांकडे मागा, स्वतःच्या खिशातून घेऊ नका. रात्रपाळीत डोळे शाबूत राहणं ही ऑफिसचीही जबाबदारी आहे.

ऐरोली_रात्रपाळी:

३० च होता! थेट एचडीएमआयला लावला, ६० आला. बाण आता मऊ सरकतो. आभारी आहे.

नौपाडा_डीटीपी:

दादा, तुमचा अडॅप्टर लावला. तिसरी चौकट आली! डावीकडे स्कॅन, उजवीकडे पान, अगदी हवं तसं. दोन शंका आहेत. ड्रायव्हरने स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी मागितली, आणि आता वर मेनूबारमध्ये रेकॉर्डिंग चालू असल्याची खूण सारखी दिसते. लेखकांचा अप्रकाशित मजकूर माझ्याकडे असतो, तो कुठे जात तर नाही ना? दुसरं, सकाळी लॅपटॉप सुरू केला की पासवर्ड टाकेपर्यंत डावा मॉनिटर काळा असतो.

कोपरखैरणेकर:

शंका अगदी रास्त आहे, अशी परवानगी कोणी मागितली तर विचारायलाच हवं. डिस्प्लेलिंकला पडद्यावरचं चित्र उचलून यूएसबीवरून डाव्या मॉनिटरला द्यायचं असतं, आणि पडदा वाचणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला मॅकओएस रेकॉर्डिंगच म्हणतं. म्हणून ती परवानगी आणि ती खूण. परवानगी काढलीत तर डावा मॉनिटर बंद पडेल. ड्रायव्हर तेवढा डिस्प्लेलिंकवाल्या सिनॅप्टिक्सच्याच साइटवरून घेतलेला असू द्या. स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी असलेल्या अ‍ॅपच्या यादीत दुसऱ्या कुठल्या अनोळखी अ‍ॅपचं नाव दिसलं तर त्याची परवानगी लगेच काढा.

काळा मॉनिटर हे बिघाडाचं लक्षण नाही. लॉगिन झाल्यावरच ड्रायव्हर सुरू होतो. झाकण मिटवून काम करत असाल तर पासवर्डची चौकट उजव्या मॉनिटरवर येईल, कारण तो थेट जोडलेला आहे.

आणि अंक छपाईला जाईपर्यंत मॅकओएसचं मोठं अपडेट करू नका. नंतर करताना त्या आवृत्तीला चालणारा ड्रायव्हर आलाय का ते आधी पाहा. अडॅप्टर तोवर तुमच्याकडेच ठेवा, मला घाई नाही.