मदत हवी आहे: एकाच संघात दोन तऱ्हेचे कोचिंग कसे साधावे?

नमस्कार मंडळी. बेळगावात टिळकवाडीतील एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी आठ महिन्यांपासून स्क्रम मास्टर (म्हणजे ‘स्क्रम’ या सांघिक कार्यपद्धतीत संघाला मार्गदर्शन करणारा) आहे आणि संघातील सात जणांना एकाच पद्धतीने मार्गदर्शन करणे आता जमेनासे झाले आहे.

तिघे खानापूर-निपाणीकडचे, नुकतेच इंजिनिअर झालेले. बाकीचे पुण्यात बरीच वर्षे काढून परतलेले. डेली स्क्रममध्ये, म्हणजे संघाच्या रोजच्या पंधरा मिनिटांच्या बैठकीत, नवी मुले एकमेकांशी न बोलता माझ्याकडे पाहून हजेरी दिल्यासारखी बोलतात. गेल्या स्प्रिंटमध्ये (कामाच्या ठरावीक मुदतीच्या फेरीत) त्यांच्यातील एकीचे लॉगिनचे काम चार दिवस कामांची स्थिती दाखवणाऱ्या बोर्डावर एकाच रकान्यात अडकले होते, तरी रोज ‘सगळं व्यवस्थित आहे, सर’ हेच उत्तर मिळत होते. शेवटी शेजारी बसून कन्नडमध्ये विचारले, तेव्हा तिने दहा मिनिटांत खरी अडचण उलगडून सांगितली. आपण भाषेकडे किती दुर्लक्ष करतो, हे मला त्या दिवशी फार जाणवले.

नवख्यांना असे सोबत बसून थेट शिकवणे उपयोगी पडते. अनुभवी सहकाऱ्यांना मात्र तीच ढवळाढवळ वाटते. मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये मांडलेले गटविकासाचे टप्पे मी अभ्यासले, परंतु ते संपूर्ण गटाचा विचार करतात आणि आमचा गट एका टप्प्यावर नाहीच.

शिकवणे थांबवून केवळ प्रश्न विचारण्याची वेळ आली, हे आपण कशावरून ओळखता? अनुभवींनाच नवख्यांचे मार्गदर्शक नेमले, तर ती मुले त्यांच्यापुढे अधिकच गप्प होतील का? ज्यांनी असा मिश्र संघ सांभाळला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.