चुंबक काढल्यावर स्लॉट कार वळणावर उड्या मारते – मदत हवी आहे

धागाकर्ता

मंडळी, जाणकारांचं मत हवंय.

गाडी १:३२ मापाची स्लॉट कार, म्हणजे ट्रॅकमधल्या खाचेत धावणारी विजेवरची छोटी गाडी. मोटर मागच्या ॲक्सलला समांतर, म्हणजे साइडवाइंडर. ट्रॅक प्लास्टिकचा, सप्लाय १२ व्होल्टचा. तळाला चुंबक होतं तोवर गाडी ट्रॅकला चिकटून पळायची, चालवणाऱ्याच्या हाताला कामच नाही. म्हणून चुंबक काढलं, आणि आता ती आवरत नाही.

सरळ पट्ट्यावर वेग घेताना मागून खरखर येते. वळणात शिरते नीट, पण मध्यावर पोचली की मागची बाजू घसरण्याऐवजी टुणटुण उड्या मारत बाहेर जाते. वळण संपता संपता थ्रॉटल दिला की गाइड (गाडीच्या नाकाखालची, खाचेत बसणारी पट्टी) खाचेतून सुटतं. डाव्या वळणांवर हे जास्त होतं. गाडी उलटी धरून मोटर हळू फिरवली की मागचा उजवा टायर वरखाली होताना दिसतो, रिम मात्र सरळ फिरतेय असं वाटतं.

जो तो सांगतो, वजनासाठी शिसं चिकटव. शिसं आणलंय, पण आधी तेच करायचं का? आणि कुठे?

चक्रधर

मागच्या ॲक्सलच्या जरा पुढे, चॅसीच्या तळाला ५ ग्रॅम लावून बघा. चुंबकाचा दाब गेला, तो कशाने तरी भरून काढायला नको का?

खाचखळगे

चक्रधर, असहमत. टायर वाकडा असताना वजन वाढवलं तर उड्या जड होतील, थांबणार नाहीत.

धागाकर्ते, दोषाचं निदान तुम्हीच लिहिलंय. डाव्या वळणात भार उजव्या, म्हणजे बाहेरच्या चाकावर येतो, आणि तुमचा उजवा टायरच गोल नाही. चुंबक असताना ते गाडीला खाली ओढून धरायचं, त्यामुळे हा दोष झाकला गेला होता.

टायर काढा. रिमच्या कडेला साच्यातून आलेली प्लास्टिकची बारीक शीर असते, ती कानशीने घासून टाका. टायरच्या आतली कडही बघा. मग टायर रिमवर पक्का चिकटवा. नुसता चढवलेला टायर वेगात फुगतो आणि रिमवर सरकतो. सरस वाळला की सपाट फळीवर बारीक पॉलिश पेपर चिकटवून त्यावर मागची चाकं हलकेच टेकवा आणि कमी व्होल्टेजवर फिरवा. दाबायचं अजिबात नाही, आणि मधूनमधून थांबा, नाहीतर मोटर तापते. सुरुवातीला टायरवर एका बाजूलाच घासल्याची खूण उमटेल. ती रुंदीभर आणि सगळीकडून सारखी दिसली की काम झालं. हे रबर आणि युरेथेनसाठी. सिलिकॉन असं नीट घासलं जात नाही.

खरखर वेगळ्या कारणाची असू शकते. मागचा ॲक्सल बोटांनी वरखाली हलवा. चॅसीत बुशच (ॲक्सल ज्यात फिरतो ते कडं) हलत असेल तर त्याला सरसाचा थेंब द्या, पण ॲक्सलला लागू देऊ नका. पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) आणि ॲक्सलवरच्या मोठ्या गिअरमध्ये केसभर मोकळीक हवी. घट्ट बसले तरी आवाज, सैल बसले तरी आवाज.

मग गाडी काचेच्या तुकड्यावर ठेवा. गाइड आणि मागची दोन चाकं, भार या तिघांवर. पुढच्या चाकांनी जेमतेम टेकावं. तिथे पकड नकोच, म्हणून अनेकजण पुढच्या टायरला नेलपॉलिशचा हात देतात. गाइडखालच्या तांब्याच्या विणलेल्या पट्ट्या फुगलेल्या असतील तर त्याच नाक वर उचलतात, त्या चपट्या करा.

बॉडीचे स्क्रू पूर्ण आवळून अर्धा-एक फेरा सैल सोडा. मोटर-पॉड (मोटर बसवलेला चॅसीचा भाग) वेगळा असेल तर त्याचेही थोडे सैल. चॅसी स्वतंत्र हलली की बॉडीचा हेलकावा थेट टायरपर्यंत जात नाही. माझ्या मते शिशापेक्षा याने जास्त फरक पडतो, आणि फुकटात.

हे झाल्यावर शिसं. तळाशी, मध्यरेषेवर, एका वेळी थोडंसं. छतात किंवा बॉडीच्या वरच्या भागात कधीच नको.

धागाकर्ता

धन्यवाद! रिमवर शीर होतीच, दोन्हीकडे. टायर चिकटवून घासला, उड्या गेल्या. आता मागची बाजू सलग घसरते आणि थ्रॉटल कुठे सोडायचा ते कळतं. बुशही हलत होतं. फक्त वळणातून बाहेर पडताना जोरात थ्रॉटल दिला की नाक अजून उचलतं. आणि सिलिकॉन टायर घेऊ का?

खाचखळगे

नाक उचलतं तर आता शिसं लावा, पण गाइडच्या लगेच मागे. २ ग्रॅमपासून सुरू करा. त्याने मागची पकड जरा कमी होईल, तेव्हा गाइड सुटणं थांबलं की तिथेच थांबा. सप्लायचं व्होल्टेज बदलता येत असेल तर १० च्या आसपास आणून बघा. चुंबकाशिवाय १२ पुष्कळ होतात.

चक्रधर

टायरचं बरोबर होतं तुमचं, खाचखळगे. वजनावर मात्र मी अजून ठाम आहे :)

सिलिकॉनचं सांगतो. स्वच्छ ट्रॅकवर पकड उत्तम, पण धूळ बसली की गेली. त्याच ट्रॅकवर इतरांच्या रबरी टायरच्या गाड्या पळत असतील तर घेऊ नका, दोन्हींचं एकमेकांशी जमत नाही. आहेत तेच टायर पळवण्याआधी चिकटपट्टीवर फिरवून पुसत जा.