दाभोळ ते देवगड किनाऱ्याच्या रस्त्याने, वाटेत काय काय बघू?

खाडीपल्याड: अनंत चतुर्दशी झाली की चार दिवस सुट्टी आहे, आईबाबा आणि मुलगी (वय 7) सोबत. दापोलीहून दाभोळ, फेरीबोटीने गाडी धोपाव्याला, मग गुहागर-रत्नागिरी करत देवगड असं ठरवलंय, हायवे नको. देवळं आणि बीच खूप झालेत, निसर्गातलं काही वेगळं सुचवा ना.

कातळवेडा: सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, अजिबात चुकवू नका! रत्नागिरीच्या आसपास रस्ता वर चढला की दोन्हीकडे नुसता जांभा, मे महिन्यात तिथं वाळवंटच असतं, झाड नाही सावली नाही, आणि सप्टेंबरात त्याच कातळावर बोटभर मातीत सीतेची आसवं फुलतात, निळीजांभळी, मध्ये गेंदाच्या फुलांची पांढरी बटणं. मुलीला खाली वाकवून दाखवा, सीतेच्या आसवांचं फूल नखाएवढं असतं आणि हे रोप चक्क किडे खातं, त्याला बारीक पिशव्या असतात त्यात पाण्यातले जीव ओढले जातात. ऑक्टोबरचं ऊन लागलं की सगळं संपलं. फक्त गाडी रस्त्यावरच ठेवा, चाकाखाली अख्खा ताटवा जातो, गेल्या वर्षी बघून फार वाईट वाटलं.

हेदवीची लेक: आमच्या हेदवीची बामणघळ बघाच. खडकात अरुंद भेग आहे, भरतीला लाट आत घुसते आणि पाणी धाडकन वर उसळतं, ओहोटीला काहीच दिसत नाही. वेळ काढायची तर तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे पंचमीला 5 ची पाऊणपट पावणेचार, तेव्हा पूर्ण भरती, साधारण तासभर आधी पोचा. मुलीचा हात सोडू नका हं, शेवाळ फार असतं आणि समुद्र अजून खवळलेला असतो.

खाडीपल्याड: ताई हे पाऊणपटीचं माहीतच नव्हतं, थँक्यू! आईचे गुडघे दुखतात, तिला झेपेल असं काही?

कातळवेडा: मग फेरीच्या आधीच उन्हवऱ्याला वळा, गरम पाण्याचे झरे आहेत, बायकांचं कुंड वेगळं आहे. पुढे तवसाळ-जयगड दुसरी फेरीबोट, मग आरे-वारे, तिथं वरच्या वळणावरून गाडीत बसूनही दोन्ही किनारे दिसतात. संध्याकाळ मात्र कशेळीच्या देवघळीला ठेवा, सरळ कडा आणि खाली समुद्र.

हेदवीची लेक: आणि दोन्ही फेऱ्यांची शेवटची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा, चुकली तर खाडीला वळसा घालण्यात अर्धा दिवस जातो.