कोडियाक बेटावर सासरच्या मंडळींबरोबर बर्फातली माउंटन गोटची शिकार: कितपत झेपेल?

प्रश्न (कृष्णाकाठ)

नमस्कार. मी मूळचा वाईचा असून बरीच वर्षे मिनेसोटा राज्यात राहतो आणि आता अमेरिकेचा नागरिक आहे. माझी पत्नी अलास्कातील कोडियाक बेटावर वाढली. तिचे वडील आणि धाकटा भाऊ आजही तिथेच राहतात. ऑक्टोबरच्या अखेरीस माउंटन गोट या शेळीसारख्या पांढऱ्या, केसाळ डोंगरी प्राण्याच्या शिकारीला मी त्यांच्यासोबत यावे, असा सासऱ्यांचा आग्रह आहे. लग्न झाल्यापासून हे निमंत्रण दर वर्षी येते आणि दर वर्षी मी काही ना काही कारण सांगतो. या वेळी माझी पंधरा वर्षांची मुलगीही आजोबांसोबत जाण्याचा हट्ट धरून बसली आहे.

मी मिनेसोटात हरणांची शिकार करतो, पण ती मचाणावर बसून. डोंगर म्हणाल तर कॉलेजात असताना सह्याद्रीतले पुष्कळ गड पाहिले आहेत. बर्फाच्या उतारावर मात्र कधी चढलेलो नाही. नकाशात पाहिले तर कोडियाकचे सर्वांत उंच शिखरही सुमारे 1360 मीटरचे, म्हणजे 1646 मीटरच्या कळसूबाईपेक्षा ठेंगणे आहे. तरीही मेहुणा म्हणतो की, आयुष्यातली सर्वांत कठीण चाल म्हणून तयारी कर. सासरे 67 वर्षांचे आहेत आणि त्यांचा एक गुडघा दुखतो, पण घरात तो विषय काढलेला त्यांना खपत नाही.

मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. परराज्यातील माणसाला व्यावसायिक वाटाड्याशिवाय ही शिकार करता येते का? चढाई खरोखरच इतकी अवघड असते का? आणि मुलीला न्यावे का?

उत्तर (उत्तरवारा, अँकरेज)

कायद्याची बाजू आपल्याला अनुकूल आहे. अलास्कात परराज्यातील शिकाऱ्याला तपकिरी अस्वल, डॉल शीप (एक रानमेंढी) आणि माउंटन गोट या तीन प्राण्यांसाठी परवानाधारक वाटाड्या घ्यावा लागतो, किंवा अलास्काचा रहिवासी असलेला, किमान 19 वर्षे वयाचा जवळचा नातेवाईक सोबत असावा लागतो. जवळच्या नात्यांच्या यादीत सासरा आणि मेहुणा दोघेही येतात. चुलत किंवा मावस भावंडे येत नाहीत. ही सवलत अमेरिकी नागरिकांना आहे. जो अमेरिकेचा नागरिकही नाही आणि रहिवासीही नाही, त्याला कोणत्याही मोठ्या प्राण्यासाठी वाटाड्या घ्यावाच लागतो, त्यामुळे भारतातून पाहुणा म्हणून आलेल्या भावाला बंदूक देऊन सोबत नेण्याचा विचार कोणी करू नये. शिवाय तो नातेवाईक केवळ बेटावर असून चालत नाही. आपण नेम धरता तेव्हा तो आपल्यापासून 100 यार्डांच्या आत असला पाहिजे. म्हणजे दोघांनी दोन धारांवर वेगळे होऊन हाका करण्याचा बेत आपल्या बाबतीत बसत नाही.

आणखी दोन नियम ध्यानात ठेवा. समुद्रविमानाने तळावर उतरलात, तर दुसऱ्या दिवशी पहाटे तीन वाजेपर्यंत शिकार करता येत नाही. आणि खाण्याजोगे सर्व मांस, अगदी मानेचे आणि बरगड्यांचेसुद्धा, डोंगरावरून खाली आणणे बंधनकारक आहे. शिंगे आधी आणि मांस सवडीने, असे चालत नाही; शिंगे शेवटच्या खेपेलाच खाली येतात.

आता प्राण्याविषयी. नर आणि मादी दोघांनाही काळी, टोकदार शिंगे असतात आणि लांबीतही फार फरक नसतो, त्यामुळे हरणांच्या सवयीने पाहणारा हमखास फसतो. नराचे शिंग मुळाशी जाड असते, दोन्ही शिंगांमध्ये अंतर थोडे असते आणि वाक बुडापासून टोकापर्यंत सारखा असतो. मादीची शिंगे बारीक, एकमेकांपासून दूर आणि टोकाशी एकदम वळलेली असतात. खात्री होत नसेल तर प्राणी लघवी करेपर्यंत थांबावे: मादी मागचे पाय दुमडून बसते, नर अंग ताणून उभा राहतो. या तपासाला अर्धा तास लागला तरी तो द्यावा, कारण मादीला पहिले पिलू बहुधा चौथ्या-पाचव्या वर्षी होते, तेही एका वेळी एकच, आणि एक मादी गेली तर कळपाला ती तूट पुढे बरीच वर्षे जाणवते. एरवी नर एकटे किंवा दोघे-तिघे मिळून असतात. परंतु माज नोव्हेंबरात ऐन भरात येतो, त्यामुळे आपण जाल तेव्हा ते माद्यांच्या कळपांजवळ सरकू लागलेले असतील आणि ओळख पटवणे अधिकच कठीण होईल.

उत्तर (भटकंती_पुणे)

मी शिकारी नाही. उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंगमध्ये प्रशिक्षण घेतले असल्याने केवळ डोंगराविषयी लिहितो.

कळसूबाईशी केलेली तुलना फसवी आहे. कळसूबाईची वाट बारी गावातून निघते आणि ते गावच मुळात उंचावर आहे; कोडियाकला चढाईची सुरुवात समुद्राच्या पाण्यापासून होते. वाट अशी नसते. आधी आल्डर नावाच्या झुडपांची जाळी लागते, जिच्या फांद्या उताराच्या दिशेने वाकलेल्या असतात आणि चढणाऱ्याच्या छातीला टेकतात. तिच्यावर उभ्या गवताळ सोंडा, त्यांवर घसारा आणि मग कातळ. श्रावणात राजगडाच्या संजीवनी माचीखालच्या ओल्या गवतावरून आडवे गेला असाल, तर त्या गवतावर वीतभर ताजा बर्फ टाकून पाहा. बुटाची टाच बर्फात रुतते, पण खालच्या गवतावर धरत नाही, आणि घसरण सुरू झाली की हाताने पकडावे असे काही सापडत नाही. म्हणून क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे धातूचे दाते) आणि आइस ॲक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) हवेतच, आणि ॲक्स रोवून घसरण थांबवण्याचा सराव निघण्यापूर्वी झालेला हवा. मिनेसोटात डोंगर नसले तरी स्कीइंगच्या टेकडीचा उतार सरावाला पुरतो. पाठीवर वजन घेऊन जिने चढण्याइतकाच उतरण्याचाही सराव करा. गुडघे उतरतानाच जातात.

हिमस्खलनाचा धोका ऑक्टोबरातही गृहीत धरावा. साधारण 30 ते 45 अंशांचे उतार सर्वांत धोक्याचे असतात, आणि वारा ज्या बाजूला बर्फ आणून टाकतो त्या बाजूच्या नाळा तर टाळाव्यातच. बीकन (गाडल्या गेलेल्याचा ठिकाणा कळवणारे यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडे प्रत्येकाच्या सॅकमध्ये असावे. एकाकडेच असेल आणि तोच गाडला गेला तर त्याचा काही उपयोग नाही.

थंडीबद्दलही आपला अंदाज चुकण्याची शक्यता आहे. मिनेसोटाची उणे पंचवीस अंशांची कोरडी थंडी आपल्या अंगवळणी पडली असेल, पण शून्याच्या आसपासचा पाऊस, त्याचा बर्फ, पुन्हा पाऊस आणि वर समुद्राचा वारा ही भिजवणारी थंडी अधिक घातक असते. सुती कपडा एकही नको.

कृष्णाकाठ

दोन्ही उत्तरांबद्दल आभारी आहे. मेहुणा 31 वर्षांचा असल्याने नियमाची अडचण नाही. एक उपप्रश्न असा की, प्राणी दिसल्यावर घाई होऊ नये म्हणून अनुभवी लोक काही मर्यादा ठरवून घेतात का?

उत्तर (माहेर_सांगली, जूनो)

माझे सासर अलास्कातल्याच जूनोचे. सासऱ्यांबरोबर आणि दिरांबरोबर मी या डोंगरांवर गेले आहे, त्यामुळे आपला प्रश्न मला फार जवळचा वाटला.

मर्यादा ठरवतात, आणि ती घड्याळाची असते. ऑक्टोबरच्या अखेरीस कोडियाकला सूर्य सकाळी नऊनंतर उगवतो आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास मावळतो. कातडे काढून मांस सुटे करायला नवख्या हातांना तिरक्या उतारावर दोन-तीन तास सहज लागतात. मोठ्या नराचे हाडे काढलेले मांस चाळीस किलोच्या घरात जाते, आणि हिवाळी केसांचे ओले कातडे व डोके यांचे वजन वेगळे. ते पाठीवर घेऊन उतरणे चढण्यापेक्षा सावकाश होते. म्हणून आमच्या घरी दुपारी दोननंतर गोळी झाडायची नाही असा दंडक आहे, मग समोर कितीही देखणा बोकड उभा असो.

दुसरी मर्यादा जागेची आहे. हा प्राणी गोळी वर्मी लागल्यावरही चार पावले टाकतो, आणि ती चार पावले बहुधा कड्याच्या दिशेने असतात. दोनशे मीटर खाली कोसळलेल्या जनावराची शिंगे फुटतात, मांसाचा चेंदा होतो, आणि ते जिथे अडकते तिथे पोहोचताना माणसे जातात. तेव्हा गोळी लागेल का, हे विचारण्याआधी तो पडेल कुठे आणि तिथवर सर्वांना पायी जाता येईल का, हे विचारावे. उत्तर नकारार्थी असेल तर तो जागचा हलेपर्यंत वाट पाहावी किंवा त्याला सोडून द्यावे. शक्यतो वरून जवळ जावे, कारण त्यांची नजर खालच्या बाजूला असते. मात्र उन्हाने उतार तापू लागला की वारा खालून वर वाहतो आणि आपला वास त्यांच्याकडे नेत नाही, एवढे जमवून चढावे. पांढऱ्या बर्फावर हा प्राणी पिवळट दिसतो, हे एकदा कळले की शोधणे सोपे जाते.

या सर्वांपेक्षा अवघड भाग मला नात्याचा वाटतो. मित्रांच्या गटात कोणीही बेधडक म्हणतो की, पुरे, मागे फिरू. सासऱ्यांपुढे जावई ते म्हणत नाही, नातीपुढे आजोबा म्हणत नाहीत, आणि थोरल्या भावोजींसमोर मेहुणा म्हणत नाही. चौघांच्याही मनात परतायचे असते आणि चौघेही चढत राहतात. यावर उपाय घरीच, जेवणाच्या टेबलावर करावा लागतो: कोणीही एकाने परत म्हटले की सगळे परत, आणि त्याचे कारण त्या दिवशी विचारायचे नाही. आमच्या सासूबाईंनी हा नियम घातला. त्या स्वतः कधी डोंगरावर येत नाहीत, म्हणूनच बहुधा त्यांना तो सुचला.

गुडघ्याचा विषय आपण काढू नये. आपल्या पत्नीने काढावा. जावयाने विचारले तर तो अपमान वाटतो, लेकीने विचारले तर काळजी वाटते. सासऱ्यांना खालच्या सोंडेवर स्पॉटिंग स्कोप (दूरचे पाहायची दुर्बीण) घेऊन बसण्याचे काम द्यावे. ते काम दुय्यम मुळीच नाही. वर गेलेल्यांना खोलगटात काही दिसत नाही आणि समोरून पाहणाऱ्याला सगळे दिसते, म्हणून हातांच्या खुणा ठरवून घ्याव्यात. मुलीने त्यांच्याजवळ थांबावे. मात्र तिथेही अस्वलांचे भान हवे. कोडियाकची सगळी अस्वले ऑक्टोबरात गुहेत गेलेली नसतात, नर तर बराच काळ बाहेर असतात, आणि रक्ताचा वास त्यांना फार दुरून येतो. बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा तिखट फवारा) प्रत्येकाच्या कमरेला असावा, सॅकच्या तळाशी नव्हे. मांस कापताना एकाने केवळ पहारा करावा.

उत्तर (रानवाटा, नागपूर)

मला या चर्चेत थोडे परके वाटते. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली आणि ते योग्यच झाले. हा प्राणी तर हिमालयातल्या गोरल आणि सेरो यांचा दूरचा आप्त आहे. तो घरच्यांच्या हौसेसाठी मारावा का, हेही प्रश्नकर्त्यांनी स्वतःला विचारावे, असे वाटते.

उत्तर (उत्तरवारा, अँकरेज)

शंका रास्त आहे, पण कोडियाकची स्थिती वेगळी आहे. माउंटन गोट हा त्या बेटाचा मूळ रहिवासी नाही. शिकारीसाठी म्हणूनच 1952-53 मध्ये मोजके प्राणी तिथे आणून सोडले गेले. बेटावर लांडगे नाहीत, त्यामुळे त्यांची संख्या वाढत जाऊन हजारांत पोहोचली, आणि डोंगरमाथ्यावरच्या नाजूक वनस्पतींवर त्याचा भार पडू लागला. बेटाच्या दक्षिण भागात परवाने सढळपणे दिले जातात, ते याच कारणाने. वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानातही 1920 च्या दशकात असेच प्राणी सोडले होते; 2018 ते 2020 या काळात त्यांतले 325 पकडून हेलिकॉप्टरने नॉर्थ कॅस्केड्स पर्वतात, म्हणजे त्यांच्या मूळ प्रदेशात, हलवावे लागले. शिकार करावी की नाही हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे. परंतु भारतातल्या जंगलाचा न्याय या बेटाला जसाच्या तसा लागू होत नाही.

कृष्णाकाठ

पत्नीने वडिलांशी फोनवर बोलून घेतले. ते सोंडेवर बसायला तयार आहेत, मुलगी त्यांच्यासोबत थांबेल, आणि वर मी व मेहुणा असे दोघेच जाऊ. परत म्हणताच परत, हा नियम त्यांनी तत्काळ मान्य केला. दुपारी दोनच्या मर्यादेवर मात्र ते "बघू" एवढेच म्हणाले, तेव्हा ती चर्चा तिथे पोहोचल्यावर पुन्हा करावी लागेल. मांसाबद्दल एक विचारतो: माजावर आलेल्या थोराड नराचे मांस आपल्या पद्धतीने शिजते का?

उत्तर (माहेर_सांगली, जूनो)

शिजते, पण घरच्या मटणाचा हिशोब विसरा. नराच्या शिंगांमागे ग्रंथी असतात आणि माजात त्या फुगतात. त्यांना किंवा केसांना लागलेला हात आणि सुरी मांसाला लावू नये. अर्धा वास तिथूनच येतो. मांस थंड जागी काही दिवस टांगून मुरू द्यावे. नंतर दही, आले-लसूण आणि हळद लावून रात्रभर ठेवावे, आणि कुकरच्या शिट्या मोजण्याऐवजी मंद आचेवर तासभर तरी ठेवून तुकडा दाबून पाहावा. मांसाला चरबी फार कमी असते, त्यामुळे सुक्या खोबऱ्याचे वाटण नेहमीपेक्षा सढळ हाताने घालावे. कायद्याने मानेचे मांस आणावेच लागते आणि रस्सा त्याचाच उत्तम होतो. मागच्या पायांचे मांस मात्र खिमा करून ठेवणे बरे. कांदा-लसूण मसाला घरूनच न्या, कोडियाकला तो मिळेल या भरवशावर राहू नका.

उत्तर (भटकंती_पुणे)

क्रॅम्पॉन विकत घेताना डोंगरावर घालणार तेच बूट दुकानात घेऊन जा. मऊ तळव्याच्या शिकारी बुटांवर ताठ क्रॅम्पॉन बसत नाहीत. बसले तरी नेमके आडवे चालताना निसटतात. आणि बांधण्या-सोडण्याचा सराव जाड हातमोजे घालूनच करा.