आईबाबांची नेपाळ यात्रा: अशांततेच्या शक्यतेसाठी कोणती तयारी ठेवावी?

नौपाडाकर

नमस्कार. माझे आईबाबा (वय 68 आणि 72) आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिकांच्या गटाबरोबर काठमांडू, पोखरा आणि मुक्तिनाथ अशा यात्रेला जाणार आहेत. सध्या तिथले व्यवहार सुरळीत आहेत असे आयोजक सांगतात आणि त्यावर माझा अविश्वास नाही. परंतु सप्टेंबर 2025 मध्ये 4 तारखेला समाजमाध्यमांवर बंदी, 8 तारखेला निदर्शकांवर गोळीबार आणि 9 तारखेला पंतप्रधान ओलींचा राजीनामा व विमानतळ बंद, हे सारे आठवड्याच्या आत घडले होते. यात्रा रद्द करायची नाही. मात्र असे पुन्हा घडलेच तर त्यांनी तिथे आणि आम्ही ठाण्यात काय करावे, हे आधी ठरवून ठेवायचे आहे. ‘गर्दीत जाऊ नका’ यापलीकडचे काही सुचवाल का?

ऐरोलीचा प्रवासी

अशा वेळी पर्यटकावर कोणी मुद्दाम चालून येण्यापेक्षा तो मध्येच कुठेतरी अडकण्याची शक्यता फार मोठी असते. म्हणून ‘पळायचे कसे’ याआधी ‘थांबायचे कुठे’ हे ठरवावे. हॉटेल सुरक्षितच असते असे गृहीत धरू नये, कारण त्या वेळी काठमांडूतील हिल्टनसारखे मोठे हॉटेलही जाळण्यात आले. राग प्रामुख्याने सत्तेच्या खुणांवर होता: सिंहदरबार (सरकारचे मुख्य सचिवालय), संसद, नेत्यांची घरे. त्यामुळे आयोजकांकडून हॉटेलचे नाव आताच मागून घ्या आणि ते सिंहदरबार, नवीन बानेश्वर, बालुवाटार किंवा माइतीघर या भागांत नाही ना, हे नकाशावर पाहा. परतीच्या आदल्या रात्रीचा मुक्काम पशुपतिनाथ किंवा बौद्धनाथ परिसरात मिळाल्यास उत्तम, कारण तेथून विमानतळ जवळ आहे आणि शहराचा मध्यभाग ओलांडावा लागत नाही.

दुसरे म्हणजे, विमान सुटणार असल्याची खात्री होईपर्यंत विमानतळाकडे धाव घेऊ नये. 9 सप्टेंबरला बंद झालेला विमानतळ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा सुरू झाला. तेवढा वेळ संचारबंदीच्या रस्त्यावर सामानासह काढण्यापेक्षा खोलीत काढलेला बरा. काठमांडूहून सोनौलीपर्यंत (उत्तर प्रदेशातील सीमेवरचा नाका) गाडीने येण्याचा मोह अनेकांना होतो, पण तो जवळजवळ पूर्ण दिवसाचा घाटरस्ता आहे आणि वाटेत कोणी टायर पेटवून ठेवले आहेत का, हे निघताना कळत नाही. पोखऱ्यात असताना परिस्थिती बिघडली, तर सोनौली तुलनेने जवळ असल्याने तो पर्याय विचारात घेता येईल. तोही दिवसाउजेडी, आणि स्थानिक चालकाने रस्ता मोकळा असल्याचे सांगितल्यावरच.

वाशी सेक्टर सतरा

माझी भाची जुलै 2024 मध्ये बांगलादेशात वैद्यकीय शिक्षण घेत होती. 18 तारखेच्या रात्री तेथील इंटरनेट पूर्ण बंद झाले आणि मोबाइल डेटा सुमारे दहा दिवसांनी परत आला. ती आगरताळ्यामार्गे सुखरूप घरी आली, पण मधल्या काळात इथल्या माणसांचे जे हाल झाले, ते मौनाचा अर्थ आधी ठरवलेला नसल्यामुळे झाले. तेव्हा आईबाबांबरोबर असे ठरवा की फोन लागला नाही तर ते हॉटेलातच थांबलेले आहेत असे तुम्ही समजायचे, आणि त्यांनीही तुम्हाला कळवण्यासाठी बाहेर पडायचे नाही. नेपाळच्या बंदीत व्हॉट्सॲपही होते, त्यामुळे केवळ गटाच्या व्हॉट्सॲपवर विसंबू नका. साधा कॉल आणि एसएमएस चालेल असे रोमिंग घ्या. भारतीय दूतावासाचे, हॉटेलचे आणि चालकाचे क्रमांक कागदावर लिहून दोघांच्याही खिशात असावेत. नेट गेले की क्यूआर कोडने पैसे देणेही थांबते, म्हणून दोन-तीन दिवसांचा खर्च निघेल इतके नेपाळी रुपये वेगळे ठेवावेत.

घोडबंदर

कागदपत्रांबद्दल थोडेसे. नेपाळसाठी मतदार ओळखपत्र चालते हे खरे, पण पासपोर्ट असेल तर तोच न्यावा. त्या सप्टेंबरात नेपाळमधील तुरुंगांतून हजारो कैदी पळाले आणि सीमेवर ओळखीची तपासणी कडक झाली होती. मुदत संपली असेल तर वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ आताच घ्या. प्रवास विम्यात ‘नागरी अशांतता’ वगळली आहे का, हे पॉलिसीच्या मूळ कागदावर वाचा. एजंटच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

आणि बाबांना मोर्चाचे चित्रीकरण करू देऊ नका, अगदी खिडकीतूनही नाही. परक्या देशाच्या आंदोलनात पाहुण्याने दिसणे कोणत्याच सरकारला रुचत नाही. डिसेंबर 2019 मध्ये आयआयटी मद्रासमधील एका जर्मन विद्यार्थ्याला निदर्शनांत भाग घेतल्यामुळे आपल्याकडूनही परत जावे लागले होते.

नौपाडाकर

सर्वांचे आभार. हॉटेलांची नावे आजच मागवते. बाबांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, त्या किती द्याव्यात? आणि गट मुक्तिनाथला असतानाच बातमी आली तर?

ऐरोलीचा प्रवासी

गोळ्या नियोजित दिवसांपेक्षा किमान आठवडाभर जास्त द्या. त्या हातातील पिशवीत असाव्यात आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी. मुक्तिनाथ सुमारे 3,800 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे ज्येष्ठांनी तिथे ताटकळत राहू नये. खाली जोमसोमला किंवा रस्ता मोकळा असल्यास थेट पोखऱ्यात उतरून थांबावे. जोमसोमची विमाने वाऱ्यामुळे सकाळीच उडतात, म्हणून हा निर्णय दुपारपर्यंत लांबवता येत नाही. तो कोण घेणार, हे आयोजकांना निघण्याआधीच विचारून ठेवा.